मृगाआधी परसबागेच्या मातीकडे बघा

एखादा चांगला वळीव झाला की परसबागवाल्यांचे हात शिवशिवायला लागतात. काळ्या जमिनीत मात्र ही घाई नडते. ओल्या काळ्या मातीत कुदळ घातली तर निघणारी ढेकळं उन्हात विटेसारखी वाळतात आणि मग हंगामभर फुटत नाहीत. आधी वापसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, आली का ते बघा. चार बोटं खालची मूठभर माती घ्या, तिचा लाडू वळा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडा. लाडू फुटून भुगा झाला तर वापसा आला. नुसता चेपला तर अजून दोन दिवस थांबा.

खत टाकण्याआधी मातीचा नमुना काढा. झाडाची सावली, बांध आणि उकिरड्याजवळची जागा सोडून सात-आठ ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ आकाराचे वीतभर खोल खड्डे घ्या. त्यांच्या कडेची माती खरवडून एकत्र करा, सावलीत वाळवा आणि त्यातली अर्धा किलो तपासणीला द्या. अहवाल आला की सेंद्रिय कर्बाचा, म्हणजे कुजलेल्या पाला-शेणातून मातीत आलेल्या कर्बाचा, आकडा आधी बघा. ०.५ टक्क्यांच्या खाली असेल तर माती उपाशी आहे. आपल्या उन्हात हा कर्ब झपाट्यानं जळतो, म्हणून एकदाच ट्रॉलीभर खत ओतून भागत नाही. दरवर्षी थोडं थोडं द्यावंच लागतं. सामू (पीएच, मातीचा आम्ल-विम्लपणा) ८ च्या वर असेल तर चुलीची राख वाफ्यात टाकू नका, त्यानं तो आणखी चढतो.

शेणखत गुंठ्याला २०० ते २५० किलो पुरे, पण ते पूर्ण कुजलेलं हवं. एका वर्षी मी अर्धवट कुजलेलं खत घाईनं पसरलं. श्रावणात वांग्याची उभी झाडं सुकायला लागली. एक उपटून बघितलं तर मुळं कुरतडलेली आणि मातीत पांढऱ्या, अर्धगोल वळलेल्या हुमणीच्या अळ्या. तेव्हापासून खत आणलं की ढिगात कोपरापर्यंत हात घालून बघतो. आत गरम लागलं किंवा शेणाचा वास आला तर ते खत यंदाचं नाही. चांगल्या खताला पहिल्या पावसाचा वास येतो आणि ते हातात चहापत्तीसारखं मोकळं होतं.

आता माझा खरा आग्रह. यंदा अर्ध्या बागेत ताग पेरा, कोवळा असतानाच मातीत गाडून हिरवळीचं खत करायला. पावसाळ्यात जागा अडकवायची म्हणून लोकांचा जीव वरखाली होतो, पण मातीसाठी एवढं स्वस्त दुसरं काही मला माहीत नाही. गुंठ्याला साधारण ६०० ग्रॅम बी लागतं. पाणी साचणाऱ्या किंवा चोपण (खारवट, घट्ट बसणाऱ्या) जागेत तागाऐवजी धैंचा घ्या. पेरल्यापासून ४५ दिवसांनी, कळ्या दिसू लागल्या की कापून मातीत गाडा. आणखी थांबलात तर खोडाचा वाख (चिवट तंतू) होतो आणि तो लवकर कुजत नाही. गाडल्यावर ओल टिकवा, दोन-तीन आठवडे जाऊ द्या आणि मग तिथं मेथी, कोबी, टोमॅटो लावा. पुढच्या वर्षी अदलाबदल करा: आज ताग तिथं भाजी, आज भाजी तिथं ताग.

पालापाचोळा पेटवू नका. तो मातीत कच्चा मिसळायचाही नाही, कारण कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात. झाडांच्या बुंध्यापासून चार बोटं सोडून दोन-तीन इंच जाड पसरा. ओल टिकते, तण दबतं आणि खालून गांडुळं तो पाला हळूहळू आत ओढतात.

वांगी, टोमॅटो, मिरची एकाच कुळातली. ती सलग दोन वर्षं एका वाफ्यात नकोत. त्यांच्यानंतर चवळी किंवा गवार घ्या. उपटलेल्या मुळांवर गाठी दिसल्या तर तो सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारा डोळ्यांना न दिसणारा कृमी, समजा आणि त्या वाफ्यात हंगामभर दाट झेंडू लावा. चवळीच्या मुळांवर मात्र सहज निखळणाऱ्या गुलाबी पोटाच्या गाठी असतात. त्या हवेतलं नत्र धरणाऱ्या जिवाणूंच्या आहेत, त्या मुळांसकट तिथंच राहू द्या.

दसऱ्यानंतर वाफ्यात फावडंभर माती उलटा, गांडुळं मोजा आणि आकडा तारखेसह वहीत लिहा. पुढच्या वर्षीही त्याच जागी, त्याच सुमाराला मोजा.