जुनी पेटी घेताना काय बघावं

जुनी पेटी, म्हणजे हार्मोनियम, विकणारा आधी पॉलिश दाखवतो, मग कपलर (एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातली तीच पट्टी दाबणारी जोडणी), मग "सूर जर्मन आहेत हो" हे वाक्य; इथे सूर म्हणजे आत वाजणाऱ्या पितळी जिभा. तिन्हीकडे दुर्लक्ष करा आणि पेटी उघडून दाखवायला सांगा. उघडायला का-कू करणाऱ्याकडून पेटी घेऊच नका.

भात्याची परीक्षा सोपी आहे. सगळे स्टॉप (सुरांकडे हवा सोडणारे समोरचे खुंटे) बंद करून भाता दाबा. हाताला अडल्यासारखं लागलं पाहिजे. सहज आत गेला तर हवा कुठेतरी गळते आहे. मग स्टॉप उघडा, पण पट्टी दाबू नका. सी-सी ऐकू आली किंवा एखादा सूर आपोआप बोलू लागला, तर पट्टीखालचं चामडं गेलंय किंवा तिथे कचरा अडकलाय. हे काम स्वस्तात होतं. भात्याच्या घड्या फाटल्या असतील तर मात्र किंमत पाडून मागा. वरून चिकटपट्टी लावलेली दिसली तर आणखी पाडा.

खरी मेख सुरांत असते. साडेतीन सप्तकांच्या पेटीत 42 पट्ट्या, म्हणजे सुरांच्या दोन ओळी असतील तर 84 सूर. दुकानात बसून चार अलंकार वाजवून यातलं काहीही कळत नाही, कारण दोन्ही ओळी एकदम वाजत असतात आणि चांगला सूर वाईटाला झाकतो. वेगळे स्टॉप असतील तर आधी एकटा खर्ज (खालच्या सुरांची ओळ) ऐका, मग एकटा नर (त्याच्या वरच्या सप्तकाची ओळ). प्रत्येक पट्टी अगदी हलक्या हवेवर दाबा. निरोगी सूर लगेच बोलतो. उशिरा बोलणाऱ्याची जीभ जास्त उचललेली असते किंवा फटीत धूळ असते. दोन्ही दुरुस्त होतात. खरखरणारा सूर बहुतेक वेळा चौकटीला घासत असतो. तेही जमतं.

जमत नाही ते वेगळंच. पितळी जीभ टोकाला घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. पेटी जितक्या कारागिरांच्या हातून गेली, तितक्या वेळा ती घासली गेलेली असते. म्हणून बॅटरीच्या उजेडात जिभांची मुळं बघा. तिथे खोल, आडवेतिडवे ओरखडे असतील तर तो सूर थकलेला समजा. आज लावून दिला तरी महिन्याभरात पुन्हा उतरेल, कारण मुळाशी चीर पडायला लागलेली असते. असा सूर बदलायचाच, आणि एक-दोन असतील तर बिनधास्त बदला. गुजरातेतल्या पालिताण्याचे सूर मिळतात आणि चांगले असतात. पण ओळीभर असे ओरखडे दिसले तर पेटी फुकट मिळाली तरी नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोबाइलवरचा ट्यूनर लावताना भाता एकसारखा ठेवा. जोरात हाणला की सूर किंचित उतरतो आणि विकणारा नेमकं त्यावरच बोट ठेवतो. पांढरी 6 (म्हणजे A) मधल्या सप्तकात 440 हर्ट्झला यायला हवी. सगळी पेटी सारखीच चढी असेल तर एकट्याने गाणाऱ्याला चालेल, पण बासरी किंवा कीबोर्डबरोबर बसणाऱ्याला नाही. पेटी एखाद्या पट्टीत (गाण्याच्या स्वरात) गांधार लावून, म्हणजे 'ग' त्या पट्टीपुरता जुळवून, घेतली आहे का, हेही विचारा. काळी 1 (पहिली काळी पट्टी) सा धरून लावली असेल तर तिथे तो गांधार कानाला गोड लागेल, पण पट्टी बदलली की बेसूर. सगळ्यांना साथ करणाऱ्याने ती घेऊ नये.

घरी आणल्यावर रोज थोडी वाजवा. सुरांना तेल लावू नका, कोणी कितीही सांगो. धूळ अडकली तर पातळ कागदाची पट्टी जिभेखालून अलगद सरकवा, सुई नको. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, तेव्हा पट्टी तासून घेण्याची घाई करू नका. दिवाळीनंतर बहुतेक आपोआप सुटतात, आणि तासलेली पट्टी उन्हाळ्यात खुळखुळते. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पेटी जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवू नका. उंदीर आधी चामड्याकडेच जातात.