जंपसूट शिवायला घेण्याआधी

वरचा भाग आणि पँट कंबरेत जोडली की जंपसूट झाला, असं वाटतं खरं. पण शर्ट वर सरकू शकतो, पँट खाली सरकू शकते. जंपसूटला कुठेच सरकता येत नाही. खांद्यापासून आसनापर्यंतची, म्हणजे दोन्ही पाय जुळतात त्या जोडापर्यंतची उंची कमी पडली, तर खाली बसताच खांदे ओढले जातात आणि आसन काचतं. घेर जास्त झाला तर पट्ट्याने आवळता येतो, ही उंची मात्र कापड कापल्यावर वाढवता येत नाही. त्यामुळे कापडखरेदी मागे ठेवा आणि आधी टेप हातात घ्या.

छाती, कंबर आणि सीट (नितंबांचा घेर) ही मापं लागतीलच, पण खरं माप धडाच्या पूर्ण फेऱ्याचं. खांद्याच्या मधोमध टेप धरायची, पुढून छातीवरून खाली आणून दोन्ही पायांमधून काढायची आणि पाठीवरून परत त्याच खांद्यावर न्यायची. हे माप एकट्याने घेऊ नका, पाठीमागे टेप हमखास वाकडी जाते. नंतर कंबरेला नाडी बांधून कडक खुर्चीवर ताठ बसा आणि कुशीवर नाडीपासून खुर्चीच्या बैठकीपर्यंत मोजा. ही आसनाची खोली. जंपसूटखाली जे अंतर्वस्त्र घालणार तेच घालून सगळी मापं घ्या.

आता पॅटर्न, म्हणजे कापड कापायचा कागदी साचा. डाउनलोड केलेला असेल तर छापताना १०० टक्के आकार निवडा आणि पहिल्याच पानावरचा चाचणीचा चौकोन पट्टीने मोजा. तो काही मिलिमीटरनी जरी कमी भरला, तरी पुढची सगळी पानं त्याच प्रमाणात लहान झालेली असतात. साइज ठरवताना तयार कपड्यांवरचा आपला नेहमीचा नंबर विसरा. पॅटर्नच्या तक्त्यातली शरीराची मापं पाहा. तयार कपड्याची मापं दिली असतील तर फारच छान, कारण दोन्हींतला फरक म्हणजे सैलपणा. न ताणणाऱ्या कापडात छातीला आणि सीटला ८ ते १० सेंमी सैलपणा असला की कपडा आरामात बसतो. छाती एका साइजमध्ये आणि सीट दुसऱ्या साइजमध्ये येत असेल, तर कंबरेजवळ एका रेषेवरून दुसऱ्या रेषेवर हळूहळू सरकवत नवी रेषा आखा. मूळ कागद न कापता ट्रेसिंग पेपरवर आपली साइज उतरवून घ्या, म्हणजे वजन थोडं इकडेतिकडे झालं तरी पॅटर्न हाताशी राहतो.

उतरवलेल्या कागदावर तोच फेरा मोजा, पण शिलाईत जाणारी माया वगळून. माया पॅटर्नमध्ये धरलेली आहे की नाही, हे सूचनांमध्ये वाचूनच घ्या. बऱ्याच पॅटर्नमध्ये ती १.५ सेंमी असते, काहींमध्ये मुळीच नसते. कागदावरचा फेरा अंगावरच्या फेऱ्यापेक्षा निदान ५ ते ८ सेंमी जास्त हवा. कमी असेल तर जितकं कमी, त्याच्या निम्मं पुढच्या भागात आणि निम्मं मागच्या भागात वाढवा, कारण फेरा दोन्हींवरून जातो. वाढवायचं कंबरेच्या वर की खाली, हे आसनाची खोली सांगेल. ती पॅटर्नशी जुळत असेल तर वाढ वरच्या भागात. आणि हो, लांबी वाढली की चेन, बटणपट्टी आणि खिशांच्या खुणाही बदलतात.

मग जुन्या चादरीचा कच्चा नमुना शिवा. बाह्या नकोत, खिसे नकोत, पायही मांडीपर्यंत पुरे. मोठे टाके घालायचे, म्हणजे उसवायला सोपं. अंगात घालून बसा, वाका, हात वर करा, एक पाय खुर्चीवर ठेवा. टॉयलेटला जाताना हा कपडा काढायचा कसा, तेही इथेच ठरवा. पाठीवरची चेन दिसते देखणी, पण घाईच्या वेळी हात पोहोचला पाहिजे. मी तरी पुढून उघडणाऱ्यालाच मत देईन.

कापड पातळ, मऊ, पण आरपार न दिसणारं घ्या: सुती, लिनन किंवा रेयॉन. रेयॉन छान झुळझुळतं, पण कापताना घसरतं, म्हणून पहिल्या जंपसूटला सुतीच बरं. किती घ्यायचं ते पॅटर्नवर असतंच. लांबी वाढवली असेल किंवा छपाईला एकच दिशा असेल तर अर्धा मीटर जास्त घ्या. शिवल्यानंतर ज्या पद्धतीने धुणार, त्याच पद्धतीने आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून ठेवा. सुती आणि रेयॉन दोन्ही आटतात, आणि ते शिवल्यावर आटलं तर सगळी मोजमापं पाण्यात. पॅटर्नवरचा बाण उभ्या धाग्याला समांतर आहे का, हे बाणाच्या दोन्ही टोकांपासून कापडाच्या काठापर्यंतचं अंतर मोजून बघा. तिरका कापलेला पाय धुतल्यावर पिळवटतो.

बाकी सामान साधंच: पॉलिस्टरचा दोरा, मध्यम सुती कापडाला ८० नंबरची नवी सुई आणि पातळ कापडाला ७०, टाचण्या, खडू, टाके उसवायला सीम रिपर, गळ्याला आणि बटणपट्टीला फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं आतलं कापड). कागदाची आणि कापडाची कात्री वेगळी ठेवा. कंबरेत इलॅस्टिक घालायचं असेल तर ते अंगावर गुंडाळून, बसून बघून मगच कापा. कापडाच्या कडा बंद करणारं ओव्हरलॉक मशीन नसलं तरी झिगझॅगने काम भागतं. टीप आधी उरलेल्या तुकड्यावर मारून पाहा. आसनाच्या शिलाईला दोनदा टीप लागते, तेव्हा बॉबिन भरून ठेवा. पायांची दुमड सर्वांत शेवटी, आणि तीही ज्या चपला-बुटांवर जंपसूट घालणार ते पायात घालूनच.