पुस्तकाचा साहित्यप्रकार कसा ओळखावा

पुस्तकाचा प्रकार ओळखायचा म्हणजे लेखकाने वाचकाला कोणती हमी दिली आहे ते शोधायचे. नुसत्या विषयावरून ते कळत नाही; एकाच युद्धावर इतिहास, कादंबरी आणि आठवणी असे तिन्ही लिहिता येते.

१. आधी हमी तपासा

मजकुरात शिरण्याआधी मनोगत आणि शेवटची पाने चाळा. ‘पात्रे व प्रसंग काल्पनिक आहेत’ अशी ओळ असेल तर ते कथात्म साहित्य. तळटीपा, संदर्भसूची असेल तर बहुधा कथेतर, म्हणजे कल्पित नसलेले.

बहुधाच, कारण चरित्रात्मक कादंबरी इथे चकवते. तिच्यातही माणसे खरी, तारखा खऱ्या आणि कधीकधी संदर्भग्रंथांची यादीही असते. अशा वेळी व्यक्ती एकटी असतानाचा प्रसंग काढून वाचा. समजा, तिथे लिहिले आहे: ‘त्या रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही. धाकट्या भावाला आपण उगाच दुखावले, हेच मनात येत राहिले.’ लेखकाला हे कसे कळले? पत्र, रोजनिशी किंवा मुलाखतीचा आधार दिला असेल तर ते चरित्र. आधाराशिवाय लेखक मनात शिरत असेल तर ती कादंबरी. पानोपानी रंगलेल्या संवादांनाही हीच कसोटी लावा. कादंबरी जरूर आवडीने वाचा, पण तिच्यातला संवाद त्या व्यक्तीचे उद्गार म्हणून कुठेही देऊ नका. अशी वाक्ये पुढे इतिहास म्हणून फिरत राहतात.

२. कथेतर असेल तर ‘मी’ काय करतो ते पाहा

आयुष्य सुरुवातीपासून सलग सांगतो ते आत्मचरित्र. एखादाच काळ किंवा नाते निवडतो त्या आठवणी. अनुभवाभोवती रेंगाळतो तो ललित लेख, तर मत मांडून पुराव्याने पटवतो तो वैचारिक लेख. कथेतला ‘मी’ मात्र निवेदक असतो. त्याला लेखक समजणे ही नेहमीची गफलत.

३. कथात्म असेल तर वाचकाला धरून ठेवणारा प्रश्न शोधा

बंद खोलीत मृतदेह सापडला, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. ‘कोणी मारले?’ हा प्रश्न शेवटपर्यंत ताणला तर रहस्यकथा. ‘पुढचा खून टळेल का?’ असा असेल तर थरारकथा. खोलीतच काहीतरी आहे ही भीती वाढत गेली तर भयकथा. दार न उघडता आत शिरण्यामागे विज्ञानाची कारणमीमांसा असेल तर विज्ञानकथा. ते जादूने घडत असेल आणि त्या जगाला ते मान्य असेल तर अद्भुतकथा. अंतराळयान दिसले की विज्ञानकथा, हा निकष कच्चा आहे.

४. लांबी

लघुकथा की कादंबरी, हा आकाराचा भेद आहे, आशयाचा नव्हे. विज्ञानकथा आणि अद्भुतकथांना दिल्या जाणाऱ्या ह्यूगो पुरस्कारांच्या नियमांत ७,५०० शब्दांच्या आत लघुकथा आणि ४०,००० पासून पुढे कादंबरी धरतात. इतरत्र आकडे बदलतात.

५. दोन प्रकार लागू पडले तर

एकेक धागा मनातल्या मनात काढून पाहा. प्रेमप्रकरण वगळूनही तपास पूर्ण होत असेल तर ती रहस्यकथाच, प्रेम हे उपकथानक. दोन्हींपैकी काहीही काढले तरी कथा कोसळत असेल, तर दोन्ही प्रकार नोंदवा; शेवट ज्या प्रश्नाचे उत्तर देतो तो आधी लिहा.