हबलच्या वर्णपटातला ऑक्सिजन ताऱ्याचा की आपला?

हबल अवकाश दुर्बिणीच्या 'कॉस' वर्णपटमापकाच्या अतिनील डेटात 1302 ते 1306 अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचं एकक) यांच्या दरम्यान ऑक्सिजनच्या ठसठशीत उत्सर्जन रेषा दिसल्या, तर लगेच हुरळून जाऊ नका. बहुतेक वेळा तो उजेड आपल्याच वातावरणाचा असतो. हबल त्याच्या विरळ थरातूनच फिरते. निरीक्षण 'टाइम-टॅग' पद्धतीचं, म्हणजे प्रत्येक फोटॉनची वेळ नोंदवणारं, असेल तर 'कॉरटॅग' फाइल घ्या. तिच्यात प्रत्येक फोटॉनची वेळ असते, आणि तिच्यातल्याच टाइमलाइन तक्त्यात सूर्याची क्षितिजापासूनची उंची. ती शून्याखाली असतानाचेच, म्हणजे रात्रीचेच, फोटॉन ठेवून 'कॅलकॉस' या कॉसच्या डेटा-प्रक्रिया सॉफ्टवेअरने वर्णपट पुन्हा काढा. ऑक्सिजन चांगलाच ओसरतो. 1216 ची लायमन-अल्फा ही हायड्रोजनची रेषा मात्र चिवट, रात्रीही उरतेच. एक्सपोजर घटल्याने नॉइज वाढतो, म्हणून बाकीच्या वर्णपटासाठी पूर्ण डेटाच वापरा.