रोडबाइकचा गियर एका नजरेत कळावा म्हणून

शिमानो क्लॅरिस या मागे आठ गियर असलेल्या संचाच्या नव्या लिव्हरवर गियर दाखवणारी खिडकी नाही. त्यामुळे कात्रजच्या चढावर दम लागलेला असताना अजून एक हलका गियर शिल्लक आहे का, हे कळत नाही. मागे वळून चेन बघणं तर धोक्याचंच. डाउनट्यूबवर, म्हणजे हँडलखालून पेडलकडे उतरणाऱ्या फ्रेमच्या नळीवर, गियरची केबल उघडी असेल, तर गडद नेलपॉलिश आणि पांढरी इन्सुलेशन टेप यांवर काम भागतं.

१. सायकल स्टँडवर लावा, पेडल फिरवत चेन मागच्या सर्वांत लहान चक्रावर आणा.

२. उजव्या लिव्हरची केबल वरच्या स्टॉपमधून (केबलचं बाहेरचं आवरण, म्हणजे आउटर, जिथे फ्रेमवर संपतं तो तुकडा) जिथे बाहेर येते, तिथून ४ सेंमी खाली स्पिरिटने पुसा. तिथे नेलपॉलिशचा बारीक ठिपका द्या आणि पूर्ण वाळू द्या.

३. ठिपक्याशेजारी फ्रेमवर टेप चिकटवून रेघ मारा, ८ लिहा. आता एकेक गियर हलका करा. दर क्लिकला ठिपका जेमतेम पावणेतीन मिमी वर सरकतो, म्हणून सगळे आकडे लिहायच्या भानगडीत पडू नका. ८, ४ आणि १ पुरे. १ च्या रेघेला मात्र लाल रंग द्याच, चढावर तीच हवी असते.

ठिपका स्टॉपच्या जवळ देऊ नका. आठव्यापासून पहिल्यापर्यंत तो सुमारे २ सेंमी वर जातो. आउटरच्या आत शिरला तर रंग खरवडून केबल जड चालते. केबल बदलली की ठिपका नव्याने द्यायचा.