रिमवर्ल्डमध्ये जनावर मारलं, पण मांस कुठे गेलं? या चुका टाळा

रिमवर्ल्ड या वसाहत चालवण्याच्या संगणक-खेळात अन्न संपत आलं की पहिला हात जातो तो शिकारीच्या खुणेवर. नकाशावर आणखी चार हरणं लाल होतात, शिकारी पळतात आणि हिवाळ्यात पुन्हा तीच टंचाई. माझं ठाम मत आहे की बहुतेक वसाहतींत जनावरं कमी पडत नाहीत, जनावर पडल्यापासून ते चुलीपर्यंतच्या वाटेत मांस गळतं. म्हणून आधी ही वाट समजून घ्या. खेळातल्या कामांच्या यादीत रानातलं जनावर मारणं 'हंट'मध्ये येतं, पाळीव जनावर मारणं 'हँडल'मध्ये, आणि मेलेलं जनावर कापून मांस नि चामडं काढणं 'कुक'मध्ये. ही तीन कामं तीन वेगळ्या माणसांकडे असू शकतात. यातल्या एकाचा जरी प्राधान्यक्रम चुकला तरी सगळं अडतं.

खूण केली, पण कोणी मारतच नाही

पाळीव जनावरावर कत्तलीची खूण आहे आणि दिवसभरात कोणी फिरकलं नाही, तर ज्याच्याकडे 'हँडल' आहे त्याचं पात्र उघडून पाहा. हिंसेला असमर्थ असलेला माणूस जनावरांना माया लावेल, दूध काढेल, पण कत्तल करणार नाही. जनावरं सांभाळणारा तुमचा एकमेव माणूस नेमका तसाच असेल, तर दुसऱ्या कोणाला तरी 'हँडल' द्यावंच लागेल.

शिकारीचं कारण बहुधा हत्यारात सापडतं. शिकारीला लांब पल्ल्याचं हत्यार लागतं, तलवार किंवा भाला चालत नाही. हातबॉम्बसारखी स्फोटक हत्यारंही चालत नाहीत. शिवाय अंगावर शील्ड बेल्ट (संरक्षक कवच देणारा पट्टा) असेल तर बंदूक असूनही माणूस शिकारीला जात नाही, कारण त्या पट्ट्याच्या आतून गोळी बाहेर जात नाही. हल्ल्यानंतर घाईत चढवलेला बेल्ट उतरवायचा राहून जातो आणि मग आठवडाभर शिकार बंद असते.

जनावर मेलंय, पण तिथेच सडतंय

आधी त्यावर लाल फुली आहे का ते पाहा. शिकारीच्या हुकमाशिवाय मेलेलं रानटी जनावर, म्हणजे दुसऱ्या श्वापदाने फाडलेलं किंवा हल्लेखोरांच्या गोळीबारात सापडलेलं, बहुतेक वेळा 'फॉरबिडन' असतं. ती खूण काढल्याशिवाय त्याला कोणी हात लावणार नाही. काढायला उशीरही करू नका. उबदार हवेत साधारण अडीच दिवसांत मेलेलं जनावर सडायला लागतं, आणि सडलेलं जनावर कापता येत नाही. कापलेलं कच्चं मांस तर दोनच दिवस टिकतं. शून्य अंशाला किंवा त्याखाली सडणं पूर्ण थांबतं, शून्य ते दहा अंशांत नुसतं मंदावतं. फ्रीझरमध्ये चार अंश दिसले की 'चालतंय' म्हणून समाधान मानू नका.

फुली नसेल तर कापण्याच्या टेबलावरचं बिल, म्हणजे कामाचा हुकूम, उघडा. शोधाचा पल्ला लहान ठेवलेला असतो, किंवा कौशल्याची अट इतकी वर असते की वसाहतीतला एकही स्वयंपाकी त्यात बसत नाही. त्याच बिलात मांस कुठे ठेवायचं याचा पर्याय आहे. टेबल फ्रीझरला लागून असेल तर 'जमिनीवर टाका' निवडा. कापणारा माणूस ढीग उचलून धावत बसत नाही, तो पुढचं जनावर घेतो.

मांस अपेक्षेपेक्षा कमी निघतं

बरेच जण इथेच फसतात. एका मेलेल्या मफालोची (खेळातलं एक मोठं जनावर) माहिती उघडा आणि मांसाच्या आकड्यावर क्लिक करा. गुणाकारांची यादी दिसेल. त्यात 'नीट कत्तल न झालेलं' अशा अर्थाची ओळ असेल, तर मांस आणि चामडं दोन्ही ६६ टक्क्यांवर आलेलं असतं. गोळ्या खाऊन जागीच मेलेल्या जनावराला ही ओळ लागते. जनावर जखमी होऊन खाली पडलं आणि शिकाऱ्याने जवळ जाऊन सुरीने संपवलं, तर लागत नाही. पाळीव जनावराची खुणेप्रमाणे कत्तल झाली तरीही लागत नाही. म्हणजे आकाराने सारखी दोन जनावरं, एक रानातलं आणि एक गोठ्यातलं, आणि त्यांच्या मांसात एक तृतीयांशाचा फरक. पशुपालनाची खरी कमाई ही आहे. दुधा-अंड्यांच्या हिशोबात ती नजरेआड होते.

त्याच यादीत तुटलेल्या अवयवांचाही हिशोब असतो. पाय उडाला तर त्याचं मांस गेलं. वयही मोजलं जातं, पिल्लू कापलं तर हाती फारसं काही लागत नाही. मग कापणाऱ्याचं स्वयंपाकाचं कौशल्य, त्याचे हात आणि डोळे. ज्याचा एक हात गेलाय त्याला कापायला बसवू नका. आणि सुरुवातीच्या दिवसांत जमिनीवर आखलेली फुकटची कापायची जागा लवकरात लवकर सोडा, तिथे ७०च टक्के उत्पन्न मिळतं. लाकूड जमताच टेबल बांधा.

चुलीशेजारी टेबल

हे करू नका. कापण्याच्या टेबलाची स्वच्छता उणे १५ आहे आणि ती खोलीच्या सगळ्या चौकोनांत वाटली जाते. तीस चौकोनांच्या स्वयंपाकघरात नुसत्या टेबलानेच उणे अर्धा होतो. वर रक्ताचे डाग, चिखलाच्या पाऊलखुणा. स्वच्छता उणे दोनच्या खाली गेली की स्वयंपाकी कितीही निष्णात असो, जेवणातून विषबाधेची शक्यता सुरू होते आणि उणे पाचला ती ५ टक्क्यांवर जाते. हल्ल्याच्या दिवशी तीन लढवय्ये ओकत पडलेले असणं परवडत नाही. फ्रीझर आणि स्वयंपाकघर यांच्या मध्ये चार चौकोनांची का होईना, वेगळी खोली द्या.

स्वयंचलित कत्तल

खेळाच्या १.३ आवृत्तीत आलेली ही सोय, म्हणजे मर्यादेबाहेरची पाळीव जनावरं आपोआप कत्तलीला लावणं, कोंबड्यांसाठी वरदान आहे. कोंबड्या न मोजता वाढू दिल्या की हिवाळ्याचं सगळं खाद्य फस्त करतात. पण फक्त एकूण संख्येची मर्यादा घालू नका. नर, मादी, आणि दोन्हींची पिल्लं अशा वेगळ्या मर्यादा आहेत. नर एक-दोन, माद्या हव्या तेवढ्या, आणि पिल्लांना मर्यादा शक्यतो नकोच, ती मोठी होऊन मग कापली जावीत. गाभण आणि एखाद्या माणसाशी जीव जडलेली जनावरं वगळायची की नाही याच्या खुणा तिथेच आहेत. त्या एकदा डोळ्याखालून घाला, कारण जीव जडलेला कुत्रा कापला गेला तर त्याच्या माणसाचं मन फार दिवस सावरत नाही.

माणसांची प्रेतं कापण्याच्या बिलात मुळात बंद असतात. घाईत 'सगळं चालू' दाबलं की तीही सुरू होतात, आणि मग कापणाऱ्यासह जवळपास सगळ्या वसाहतीचा मूड ढासळतो. सगळं चालू करायचंच असेल तर मानवी प्रेतांची ओळ लगेच पुन्हा बंद करा.

बूमालोप आणि बूमरॅट ही खेळातली स्फोटक जनावरं मरताक्षणी फुटतात, पाळलेले असले तरी. कत्तल जनावर उभं असेल तिथेच होते, म्हणून त्यांना आधी मोकळ्या, दगडी जमिनीच्या आवारात न्या. वाळलेलं गवत, गंजी आणि लाकडी भिंत जवळ नको.