बिडाची फायरप्लेस उजळायची तर आधी काय काय जमवाल

इंग्लंडात व्हिक्टोरियन काळातलं घर घेतलं की बेडरूमच्या भिंतीत बिडाची एखादी फायरप्लेस बहुधा सापडतेच, पांढऱ्या ऑइलपेंटच्या पाच-सहा थरांखाली. ती घासून काळी कुळकुळीत करायची तर यादीत सगळ्यात वर लिहा: व्हाइट स्पिरिट (ऑइलपेंट पातळ करायचं, टर्पेंटाइनसारखं द्रावण), दोन लिटर. रंग उतरवायच्या जेलच्या आधी, ब्रशच्या आधी, पॉलिशच्याही आधी. मागच्या खेपेला नेमकं हेच राहिलं आणि लावलेलं सगळं पॉलिश पुन्हा खरवडावं लागलं. कारण पुढे येईलच.

हातमोजे, चष्मा, जुन्या चादरी, कचऱ्याच्या जाड पिशव्या. हे सांगायला नको. मास्क मात्र साधा कापडी नको, बारीक धूळ अडवणारा एफएफपी३ हवा. १९६०च्या दशकापर्यंतच्या रंगांत शिसं सर्रास असे, त्यामुळे पहिला थर खरवडण्याआधी दुकानात मिळणाऱ्या किटने तपासून घ्या. शिसं निघालं तर कोरडा सॅंडपेपर बंद आणि हीट गनही बंद. पोरांना आणि गरोदर बाईला त्या मजल्यावर फिरकू देऊ नका. घरच्या व्हॅक्यूमने तो भुगा ओढू नका, ती धूळ मागून खोलीभर पसरते. शेगडीचं तोंड एखाद्या करड्या, सिमेंटसारख्या पत्र्याने बंद केलेलं असेल तर त्याला भोक पाडू नका, तोडूही नका. त्यात फुप्फुसांना घातक ॲस्बेस्टॉस असू शकतं, आणि ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी आली ती १९९९ मध्ये. त्याआधीचा पत्रा संशयितच समजा आणि तपासून घ्या. घर लिस्टेड, म्हणजे जतन करायच्या इमारतींच्या सरकारी यादीत, असेल तर फायरप्लेसही त्यातच धरली जाते. काढण्याआधी कौन्सिलला (तिथल्या नगरपालिकेला) विचारा.

धुराडं साफ करणाऱ्याला कामाच्या आधी बोलवा. पॉलिश झाल्यावर बोलावलंत तर काजळी, विटांचे तुकडे आणि वाळका कबुतरखाना असं सगळं तुमच्या नव्या पॉलिशवर येऊन पडेल.

शक्यतो फायरप्लेस जागेवरच साफ करा. काढायचीच असेल तर दोन धट्टीकट्टी माणसं हवीत. वरच्या बाजूला डावी-उजवीकडे एकेक कान असतो, गिलाव्याखाली लपलेला. इंच-दोन इंच गिलावा फोडला की स्क्रू दिसतो. स्क्रू सोडायच्या आधी पुढून टेकू द्या, कारण स्क्रू सुटला की सगळं धूड पुढे कलंडतं. टाइल्सवाली असेल तर मागे चुना-प्लास्टर भरलेलं असतं, म्हणजे आणखी जड. बीड म्हणजे बीड. हातातून सुटलेल्या बिडाच्या तव्याचं जे होतं तेच हिचं होईल. गंजलेल्या बोल्टवर हातोडा घालू नका, तेल सोडून रात्रभर थांबा. सुटणारा प्रत्येक भाग, म्हणजे पुढच्या सळ्या, झडप, राखेचा ट्रे, काढताना फोटो घ्या. मागे चौकट-हिऱ्याच्या आकाराचा शिक्का दिसला तर डिझाइनची नोंदणी १८४२ ते १८८३ मधली आहे. तो घासून बुजवू नका.

आता रंग. जेल जाड थापा, वर क्लिंग फिल्म चिकटवा, डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ हात लावू नका. घाई केलीत की वरचे दोनच थर निघतात. नक्षी बारीक असेल तर लाकडी काडी आणि जुना टूथब्रश. पाच-सहा थरांना दुसरा हात लागतोच, म्हणून जेल अडीच लिटर तरी आणा. ओला लगदा पिशवीत बांधून कौन्सिलच्या घातक कचऱ्यात.

आणि आता व्हाइट स्पिरिट. जेल लवकर उडून जाऊ नये म्हणून बऱ्याच जेलांत मेण घालतात. रंग निघतो, मेण मात्र बिडाच्या खरबरीत पृष्ठभागात तसंच राहतं. डोळ्यांना दिसत नाही. त्यावर पॉलिश लावलंत तर आज छान दिसेल, पण काही दिवसांत कुठे धरलेलं, कुठे सुटलेलं, नक्षीच्या खाचांत पांढुरकं. हीटप्रूफ रंग मारलात तर तो सोलून निघेल. पाण्याने धुवू म्हणाल तर उघड्या बिडावर तासाभरात तांबूस गंज धरतो. डब्यावर पाण्यानेच धुवा असं लिहिलं असेल तर धुवा, पण लगेच हेअर ड्रायरने खडखडीत वाळवा आणि त्यानंतरही स्पिरिट फिरवाच. पांढरा फडका स्पिरिटमध्ये भिजवून पुसत राहा. फडका स्वच्छ निघेपर्यंत. खिडकी उघडी, जवळपास ज्योत नाही, वापरलेले फडके बाहेर पसरून वाळवा.

रंग पूर्ण गेल्यावरच गंजाकडे वळा: तारेचा ब्रश, मग स्टील वूल. टाइल्सना ब्रश लागू देऊ नका. टाइल्स मास्किंग टेपने झाका, पॉलिशच्या वेळीही. जुन्या ग्लेझच्या केसासारख्या भेगांत काळं शिरलं की ते निघत नाही. घासून झालं? पुन्हा स्पिरिट. हो, पुन्हा. बोटांचं तेल, बोल्टला सोडलेलं तेल, गंजाची भुकटी, सगळं जायला हवं.

पॉलिश ग्राफाइटवालं, शेगडीसाठीचंच घ्या. एका लहान फायरप्लेसला एक ट्यूब पुरते. बूट पॉलिशचं चालणार नाही. तव्यासारखं खाद्यतेल चोळायचा मोह बऱ्याच जणांना होतो. नका चोळू, चिकट होतं, धूळ धरतं आणि आग पेटवली की धुरकटतं. पातळ हात, दहा-पंधरा मिनिटं, मग बुटाच्या मऊ ब्रशने घासा. जाड थापलंत तर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कपड्यांना काळं लागेल. दुसरा हात तसाच.

तडे असतील तर फायर सिमेंट. आग पेटवणार असाल तर धुराड्याची तपासणी आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. पेटवणार नसाल तर धुराड्यावर हवा खेळती राहील असं झाकण बसवा, नाहीतर पावसाचं पाणी आतून गंज चढवेल. टेप पॉलिश वाळल्यावर काढा. आणि खरेदीला निघताना यादी वरून वाचा, पहिली ओळ व्हाइट स्पिरिटचीच आहे ना?